सगळं मर्यादेत

आकडेबाईंना घाबरवणं सोपं नव्हतं, आणि कचेरीत याची सगळ्यांना जरा चीडच होती. कामगारांच्या आरोग्याचं ते सरकारी ऑफिस होतं, दुसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं गोदाम. एखाद्या गिरणीतून किंवा भट्टीतून तपासणी करून डॉक्टर परत यायचे, चेहरे उतरलेले, "तिथली माणसं आजारी पडताहेत हो" म्हणायचे. बाई त्यांच्याकडून मोजमापं घेऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसायच्या, आणि मान वर करायच्या ती बहुतेक वेळा एवढंच सांगायला, "काही नाही. योगायोग आहे." त्यामुळे कुणी तावातावाने काही सांगू लागलं की शिपाईसुद्धा म्हणायचा, "आधी बाईंना दाखवा. त्या थंड पाणी ओततील, मग बघू."

रंगाच्या कारखान्याची गोष्ट तर अजून निघायची. तिथे डॉक्टरांनी रक्त, फुप्फुसं, डोळे, कान, जे जे मोजता येईल ते ते मोजलं होतं, आणि त्यात कानाची एक चाचणी ठळकपणे वाईट आली होती. गावभर बोभाटा झाला. बाईंनी सगळी मोजमापं एकत्र घेऊन आकडेशास्त्राची चाचणी लावली तर ती गप्प, म्हणजे योगायोगापलीकडे काही नाही. "इतक्या गोष्टी मोजल्यावर एखादी आपसूक वर येतेच," त्या म्हणाल्या. "थांबा. पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं तर कान ठणठणीत निघाले. तेव्हापासून साहेब त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत. निदान तसं म्हणत तरी.

घरी त्या एकट्याच. लग्न केलं नाही, त्याबद्दल खंत नव्हती आणि गप्पाही नव्हत्या. आईच्या माघारी धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं होतं. तो बुटांच्या कारखान्यात मुकादम होता. कारखान्यात त्याला फिरक्या म्हणायचे, कारण समोर आलेल्या प्रत्येकाची फिरकी घेतल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. बाईंचीही घ्यायचा. "ताई, तुझं ते योगायोगाचं मशीन मला दे ना," म्हणायचा, "बायको रागावली की लावतो. म्हणतो, योगायोग आहे गं, रोजचाच."

बुटांच्या कारखान्याची तपासणी निघाली ती कुणाच्या तक्रारीवरून नव्हे. नवी शेड उभी राहिली की एकदा बघून यायचं, असा नियम होता, म्हणून. जुन्या शेडमध्ये चामडं कापायचे, नव्या शेडमध्ये तळवे चिकटवायचे. चिकटवायच्या त्या पातळ द्रवाला सगळे 'सोल्युशन' म्हणायचे. त्याला गोडसर वास होता. सुरुवातीला डोकं भणभणतं, मग वास येईनासा होतो, आणि मग सुट्टीच्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, असं तिथली माणसं हसत सांगायची. धूळ बसून तळवे नीट चिकटत नाहीत म्हणून नव्या शेडच्या खिडक्या बंद ठेवत.

कचेरीतली डॉक्टरीणबाई तरुण होती, हाताने हुशार. तिने दोन्ही शेडमधली माणसं तपासली. हाताची पकड मोजली, दिवा लागल्यावर बटण दाबायला किती वेळ लागतो ते पाहिलं. शेवटी तिच्याजवळचा तो दोन पायांचा पोलादी काटा. तो तळहातावर आपटला की गुणगुणत थरथरतो. त्याचा दांडा बोटाच्या टोकावर टेकवायचा, माणसाने डोळे मिटायचे, आणि थरथर जाणवायची थांबली की "संपलं" म्हणायचं. मग तेच पायाच्या अंगठ्यावर. जितका वेळ जाणवेल तितक्या नसा शाबूत.

बाईंनी तपासणीआधीच साहेबांना सांगितलं होतं, "माझा भाऊ आहे तिथे, नव्या शेडवर. हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरं आहे कोण?" साहेब म्हणाले. "आणि या गावात त्या कारखान्यात ज्याचं कुणी नाही असा माणूस मला दाखवा. नावं काढून नंबर देतो. तुम्ही नंबर बघा."

बाईंनी नंबर बघितले. एकेक मोजमाप घेऊन दोन शेडची तुलना केली. पकड सारखी. बटण सारखं. बोटांचा काटा, नव्या शेडचा किंचित बरा. पायाच्या अंगठ्याचा काटा, किंचित कमी. पण माणसामाणसांतच एवढा फरक असतो की असला 'किंचित' त्यात कुठल्या कुठे बुडून जातो. एकही चाचणी बोलली नाही. डॉक्टरीणबाईचा जीव भांड्यात पडला. "सुटलो," ती म्हणाली आणि चहा सांगायला उठली.

बाईंनी केवळ सवयीने एकत्र चाचणी लावली. पुस्तकात तिला बहुचल म्हणतात. बाई म्हणायच्या, साक्षीदारांना एकेकटं न विचारता सगळ्यांना एका खोलीत बसवून विचारणं. उत्तर आलं ते बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. दोन शेडमध्ये फरक होता. साधासुधा नव्हे. हे निव्वळ योगायोगाने घडावं ही शक्यता जवळजवळ नव्हतीच.

पहिला संशय त्यांनी स्वतःवर घेतला. आकडे भरताना रकाने उलटेसुलटे झाले का? नाही. एखाद-दुसरा विचित्र माणूस सगळ्यांना ओढतोय का? एकेकाला वगळून पाहिलं. फरक हलला नाही. वयाचा खेळ असेल म्हणून वय जमेस धरलं, दोन्ही गटांत आकडे सारखे पसरलेत का तेही तपासलं. प्रत्येक वेळी त्यांना वाटायचं, आता हे भूत उतरेल. ते उतरत नव्हतं. उलट प्रत्येक झाडणीनंतर अधिक स्वच्छ दिसत होतं.

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. आडव्या रेघेवर बोट, उभ्या रेघेवर अंगठा, एका माणसाचा एक ठिपका. ज्याच्या बोटाला थरथर जास्त वेळ कळते त्याच्या अंगठ्यालाही जास्त वेळ कळते. ही दोन सोबत चालतात, सख्ख्या बहिणींसारखी. जुन्या शेडचे ठिपके तसेच तिरक्या ओळीत वर चढत गेले होते. आणि त्या ओळीच्या जरा खाली, तिला समांतर, नव्या शेडची दुसरी ओळ होती. कागद एका बाजूने पाहिला तर दोन्ही ओळी एकमेकींत मिसळलेल्या, दुसऱ्या बाजूने पाहिला तरी मिसळलेल्या. समोरून पाहिलं की वेगळ्या. कुणीतरी शेडमधली सगळी माणसं उचलून अलगद एक पायरी खाली उभी केली होती, आणि कुणालाच धक्का लागला नव्हता.

त्यातला एक ठिपका आपल्या भावाचा आहे, हे मनात आलं तेव्हा त्यांनी कागद उलटा ठेवला.

"म्हणजे नापास कोण झालं?" साहेबांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"मग?"

"इतकं चांगलं बोट असलेल्या माणसाचा अंगठा असा नसतो. बोट एकटं बघा, ठीक. अंगठा एकटा बघा, ठीक. जोडी बघा, तर ती बरोबर नाही. आणि एक-दोघांची नव्हे, सगळ्या शेडची."

साहेब खुर्चीत मागे रेलले. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्टीला खाली सही लागते हे त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं. "बाई, रंगाच्या कारखान्यात एकटी चाचणी ओरडत होती आणि एकत्र चाचणी गप्प होती. तुम्ही म्हणालात गप्प बसा. आता एकट्या गप्प आहेत आणि एकत्र ओरडतेय, तर म्हणता ओरडा. त्या एकत्रवर तुमची भक्ती बसलीय का?"

"भक्ती नाही साहेब. दोघींना विचारलेला प्रश्न वेगळा आहे, म्हणून उत्तरं वेगळी येतात. तेव्हा कान एकटाच वर आला होता, बाकी कशाशी त्याचा मेळ नव्हता. इथे मेळच बिघडलाय. आणि बिघडलाय तोही कसा, तर हाताला काही नाही, पायाला आहे. नसांचं विष आधी सगळ्यांत लांबच्या टोकाला लागतं, हे डॉक्टरीणबाईंना विचारा."

डॉक्टरीणबाई दारात उभी होती. तिने मान हलवली. तिचा चेहरा आता उतरला होता.

"नियमात 'मेळ' नाही," साहेब हळूच म्हणाले. "नियमात मर्यादा आहेत. आणि सगळं मर्यादेत आहे."

त्या रविवारी दुपारी बाई भावाकडे जेवायला गेल्या. तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा, लिफ्ट नव्हती. वाटेत कोपऱ्यावरच तो भेटला, हातात पिशव्या. दोघं जिना चढू लागले. तो पुढे, तोंडाचा पट्टा चालू. मॅनेजरने कसं नव्या बुटांत स्वतःच पाय घालून बघितला आणि तो निघेचना, मग चौघांनी ओढून कसा काढला. बाई हसत होत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांच्या पायाला काहीतरी लागलं. खाली बघितलं तर चप्पल, भावाची. त्यांनी वर बघितलं. तो एक पाय चपलेत, एक पाय उघडा, असा बोलत बोलत चढत होता. थंड दगडी पायऱ्या, आणि त्याला पत्ता नव्हता.

बाईंनी हाक मारली नाही. तो दारापर्यंत गेला, भावजयीने दार उघडलं, आणि तीच पहिल्यांदा हसली. "अहो, एक पाय कुठे ठेवून आलात?"

त्याने खाली बघितलं. क्षणभर, अगदी क्षणभर, त्याचा चेहरा रिकामा झाला. मग तोही हसला. "ताईला आणायला सांगितलाय ना मागून. मोठी बहीण कशाला असते?"

बाईंनी चप्पल त्याच्यापुढे ठेवली. जेवताना विचारलं, "पायाला मुंग्या येतात का रे?"

"दिवसभर उभा असतो. येणारच की."

"आणि शेडमधल्या बाकीच्यांना?"

"वन्सं, आधी जेवा बघू," भावजय म्हणाली. "हल्ली सगळ्यांचंच हे चाललंय. हे तर झोपेत पाय झाडतात, म्हणतात मोजे घातल्यासारखं वाटतं. घातलेले नसताना."

भावाने बायकोकडे असं बघितलं की ती उठून पाणी आणायला गेली. बाईंनी घास खाली ठेवला. एका माणसाच्या चपलेने काही सिद्ध होत नाही, हे त्यांनीच आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं.

मॅनेजरला साहेबांनी बोलावून घेतलं. गृहस्थ नीटनेटका, बोलायला मऊ. कारखान्याचा डॉक्टरही बरोबर होता, तो मध्येमध्ये घड्याळ बघत होता. मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला अडाण्याला समजवा. प्रत्येक माणूस ठीक, प्रत्येक चाचणी ठीक. पण सगळी मिळून आजारी. असं कसं?"

"तुमच्याच धंद्यातलं सांगते," बाई म्हणाल्या. "सात नंबरचा बूट कुणी घेतला तर तुम्हाला नवल वाटेल का?"

"नाही."

"दहा नंबरचा?"

"नाही."

"आणि एकच माणूस आला, डाव्या पायाला सात, उजव्या पायाला दहा? तुम्ही बूट बांधून द्याल, की त्याच्या पायाकडे बघाल?"

मॅनेजर हसला. कारखान्याच्या डॉक्टरने घड्याळावरची नजर काढली. "हात कामाने तरबेज झालेत, म्हणून बोटं बरी आली असतील," तो म्हणाला. "म्हणजे वाढलंय ते बोट. घटलंय काहीच नाही."

हा मुद्दा खोटा नव्हता. तो बाईंनाही छळत होता. बोटं बरी का यावीत, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि नसलेलं उत्तर असल्यासारखं दाखवणं त्यांना जमत नसे. त्या म्हणाल्या, "असेल. म्हणूनच माझ्या या आकड्यांवर शेड बंद करा असं मी म्हणत नाही. दुसऱ्या पाळीची माणसं आम्ही अजून तपासलेली नाहीत. त्यांना तपासू. पण या खेपेला दहा गोष्टी मोजायच्या नाहीत. एकच. बोट आणि अंगठा यांच्या वेळांमधलं अंतर. आत्ता, तुमच्यासमोर, आधीच ठरवून. ते जुन्या शेडइतकंच आलं, तर मी चूक, तसं मी लिहून देईन. जास्त आलं, तर मला पुन्हा विचारू नका की नापास कोण झालं."

साहेबांना हे पटलं. सहीला जागा होती. मॅनेजरही हो म्हणाला, "फक्त हा हंगामाचा माल जाऊ द्या."

हंगामाचा माल जाता जाईना. तारीख मिळायची, सरकायची. बाई रोज संध्याकाळी घरी जाताना कालव्याकडच्या रस्त्याने जाऊ लागल्या. नव्या शेडच्या खिडक्या बंद, काचांमागे पिवळा उजेड, आणि रस्त्यापर्यंत तो गोडसर वास. पाळी सुटली की माणसं बाहेर पडायची. आधी त्यांना काही दिसायचं नाही. मग दिसायला लागलं. उंबऱ्याशी प्रत्येक जण जरासा थांबायचा, खाली बघायचा आणि मग पाय टाकायचा. जुन्या शेडमधली माणसं बोलत, एकमेकांना ढकलत बाहेर यायची. नव्या शेडमधली खाली बघून. एकेकटा पाहिला तर कुणातही काही नव्हतं. शेवटी बाईंनी तो रस्ता सोडला. जे बघायला आपण जातोय तेच आपल्याला दिसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मन थाऱ्यावर नव्हतं.

एका सकाळी भाऊ कचेरीत आला. कचेरीत तो कधी यायचा नाही. शिपायाची फिरकी घेतली नाही, सरळ टेबलाशी येऊन बसला. डॉक्टरीणबाई शेजारीच होती.

"ताई, ती दुसरी तपासणी होणार आहे ना, त्याच्याआधी तुला एक सांगायचंय." तो टेबलाच्या कडेवर हाताचा अंगठा घासत होता. "पहिल्या वेळी मीच सगळ्यांना सांगितलं होतं. काटा लागेनासा झाला तरी लगेच 'संपलं' म्हणू नका. थोडं थांबा, मग म्हणा. हाताला पण, पायाला पण. शेड बंद पडेल अशी बोलवा होती ना."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. डोक्यात सगळं आपापल्या जागी जाऊन बसत होतं. माणसांनी दोन्हीकडे सारखंच वाढवून सांगितलं होतं. शाबूत बोट वाढून बरं दिसलं. मेलेला अंगठा वाढून साधा दिसला. एकेकटी चाचणी त्यामुळेच गप्प होती, तिची दातखीळ बसवली होती. पण खोटं बोलणाऱ्यालाही दोन खोट्यांमधलं अंतर लपवता आलं नव्हतं. म्हणजे खरं नुकसान कागदावर होतं त्याहून किती तरी मोठं होतं.

"आज का सांगतोयस?"

त्याने बुटातला पाय पुढे केला. डॉक्टरीणबाईने खुर्ची ओढली. "बूट काढा. मोजेही."

त्याने डोळे मिटले. तिने काटा तळहातावर आपटला आणि त्याच्या बोटावर टेकवला. "लागतंय," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने, "संपलं." ती खाली बसली, काटा पुन्हा आपटला. बाईंना त्याची गुणगुण टेबलापलीकडून ऐकू येत होती. दांडा तिने त्याच्या अंगठ्यावर ठेवला, चांगला दाबून.

भाऊ डोळे मिटून बसला होता. खाली रस्त्यावर कुणीतरी टायर घरंगळवत नेत होतं.

"लावा की," तो म्हणाला. "कशाची वाट बघताय?"

डॉक्टरीणबाईने बाईंकडे बघितलं. काटा गुणगुणत थरथरत थांबला. शेवटी त्याने डोळे उघडले आणि खाली बघितलं, आणि मग त्यालाही कळलं.

दुसऱ्या पाळीच्या तपासणीला आता बाईंनी उशीर होऊ दिला नाही. साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज गाडी द्या, नाहीतर मी रिक्षाने जाते." साहेबांनी त्यांचा आवाज असा चढलेला कधी ऐकला नव्हता. त्यांनी गाडी दिली, आणि स्वतःही निघाले. डॉक्टरीणबाईने या वेळी मधूनमधून न थरथरणारा काटा टेकवला. जो तेव्हाही "लागतंय" म्हणाला, त्याला बाजूला बसवून समजावलं, "बाबा, खोटं बोलून पाय वाचत नाही," आणि पुन्हा तपासलं. अंतर आधी ठरवल्याप्रमाणेच मोजलं. त्याला एकत्र चाचणीची गरज उरली नाही. साध्या डोळ्यांनी दिसत होतं. साहेबांनी तिथेच, शेडच्या दारात, कागद मांडीवर धरून सही केली. सोल्युशन बंद झालं, खिडक्या उघडल्या, शेडला कुलूप लागलं.

इथे खरं तर सुटकेचा श्वास टाकायचा. पण डॉक्टरीणबाईने गाडीत बसताना बाईंना हळूच सांगितलं, "हे थांबलं म्हणजे थांबत नाही. विष बंद झाल्यावरही काही महिने नसा खाली खाली जात राहतात. मग कुठेतरी टेकतात. कुठे, ते मला सांगता यायचं नाही."

तसंच झालं. शेड बंद झाल्यावर माणसं पडायला लागली. एक जण बसमधून उतरताना, एक जण स्वतःच्या मोरीत. जे तपासणीच्या दिवशी चालत आले होते त्यांना काठी लागली. ज्यांना काठी होती ते घरी बसले. आणि लोक जे डोळ्यांनी दिसतं तेच धरून बोलले, की शेड चालू होती तोवर पाय होते, कचेरीने बंद केली आणि पाय गेले. बाजारात एक बाई आकडेबाईंच्या समोर येऊन उभी राहिली. "तुमच्या आकड्यांनी बसवलं हो माझ्या माणसाला," म्हणाली आणि निघून गेली. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत आधीची नंतरचीचं कारण असतेच असं नाही, हे तिला भाजीच्या पाटीशेजारी कसं सांगणार?

दर महिन्याला डॉक्टरीणबाई सगळ्यांना तपासायची आणि बाई ठिपके मांडायच्या. ओळ खाली जायची. पुन्हा खाली. साहेब येऊन मागे उभे राहायचे. एकदा म्हणाले, "थांबेल ना?" बाई म्हणाल्या, "हे यात दिसत नाही." मग एका महिन्यात ओळ होती तिथेच राहिली. पुढच्या महिन्यातही. काहींचे ठिपके तर केसभर वर सरकले. तरुण पोरांचे जास्त. भावाचा सरकला नाही. मुकादम म्हणून तो दिवसभर सोल्युशनच्या पिंपाजवळ उभा असायचा, त्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त आलं होतं.

कारखान्याने दुसरं सोल्युशन आणलं. भावाला बसून करायचं काम दिलं, चामड्याच्या तुकड्यांवर खुणा करायचं. पहिलं सोल्युशन बनवणाऱ्याने उरलेली पिंपं परत नेली, त्यांचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नव्हतं. बाईंनी दोनदा विचारणा पाठवली. एकदा उत्तर आलं की माल विकला गेला, कुणाला ते आमच्याकडे नाही. दुसऱ्यांदा उत्तर आलं नाही. त्यानंतर कुठूनही तपासणीचे कागद आले आणि वर 'सगळं मर्यादेत' असं लिहिलेलं असलं की बाई आधी ते वाक्य हाताने झाकतात आणि मग वाचायला घेतात. शिपाई आता पाणी ओतण्याबद्दल बोलत नाही.

रविवारी त्या भावाला फिरायला नेतात. पाय जमिनीला लागलाय हे त्याला पायाने कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. त्यामुळे उजेड असेतोवरच बाहेर पडायचं आणि अंधारायच्या आत घरी यायचं. तीन मजले उतरायलाच खूप वेळ जातो. रस्त्याला लागलं की बाई त्याचा दंड धरतात आणि तो मान खाली घालून, एकेक पाऊल बघून बघून टाकत चालतो. तोंड मात्र सुरूच असतं. नव्या मॅनेजरची नक्कल, बायकोच्या तक्रारी, शेजाऱ्याचा कुत्रा.

मागच्या रविवारी बाई मध्येच गप्प झाल्या. समोरून नव्या बुटांतली दोन पोरं हसत येत होती, आणि त्यांतला एक फुटपाथच्या कडेशी जरासा थांबला, त्याने खाली बघितलं आणि मग पाय टाकला. तो या कारखान्यातला नव्हता. बाईंनी त्याला याआधी कधी पाहिलंही नव्हतं.

"काय झालं?" भावाने विचारलं.

"काही नाही."

"मग बोल ना. ऐकतोय मी," तो म्हणाला. "फक्त वर बघता येत नाही."